ठराव क्रमांक सतरा

सोमवार, ४

हद्द झाली. भिंगरीच्या शाळेतून छापील पत्र आलं. यंदापासून नववीला नागरिकशास्त्र सक्तीचं! नुसतं सक्तीचं नाही, गुण वेगळे, पास-नापास वेगळं, आणि त्यासाठी तास कुठून काढले? तर गणिताचे दोन कापून. बत्तीस वर्षं मी नोकरी केली, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. मला कुणी नागरिक व्हायला शिकवलं नव्हतं. माझं काही अडलं?

त्यात चाळीस गुण प्रात्यक्षिकाला. ‘जवळची एखादी संस्था निवडा. तिचे नियम वाचा. त्यातला एक नियम कसा जन्माला आला ते शोधा. एक सभा पाहा. अहवाल पुढच्या महिन्याच्या एक तारखेला.’ पोरांनी अभ्यास कधी करायचा?

भिंगरी म्हणजे माझी नात. शाळेत नाव वेगळं आहे, पण पोरीचा पाय एका जागी ठरत नाही म्हणून घरात भिंगरी. ती म्हणाली, “आजोबा, कुठली संस्था घेऊ?” मी म्हटलं, “अगं, घरात सेक्रेटरी बसलाय आणि तू बाहेर कुठे शोधतेस? आपली सोसायटी घे. वीस बिऱ्हाडं, अकरा वर्षांची इतिवृत्तं माझ्या हातची. एक खाडाखोड दाखव, म्हणशील ते हरेन.”

बायको भाजी निवडत होती. ती हसली. यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

बुधवार, ६

जिनेवाल्या मावशी आजही उशिरा. जिना झाडणं-पुसणं सोसायटीचं, आणि वर सहाव्या मजल्यावर दंतवैद्यांच्या घरचं काम, अशी त्यांची एकोणीस वर्षांची घडी आहे. हल्ली सगळी घडी विस्कटलीय. चौथ्या मजल्याच्या वळणावर रोज बादलीचा ओला गोल उमटलेला असतो. फरशी खराब होते. आज विचारलंच, “बादली तिथेच का ठेवता?”

“गुडघा धरतो साहेब. तिथं जरा टेकते.”

मी म्हटलं, “मग बसून बसून पुसा, म्हणजे गुडघ्याला त्रास नाही.” समोरच्याची अडचण समजून घेऊन उपाय सुचवावा असा माझा स्वभाव आहे. त्या बादली उचलून वर निघाल्या.

दंतवैद्य खाली भेटले. तेही वैतागलेले. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, मावशींच्या हातचं सोडून कुणाचं खात नाही, आणि मावशी साडेआठाच्या नऊला पोचतात. “आई भुकेली बसते हो! या महिनाअखेर बघतो, नाहीतर एक तारखेपासून दुसरी बाई.” मी म्हटलं, “अगदी बरोबर.” मग ते लिफ्टमध्ये शिरले. आरशाच्या वर माझी पाटी आहे, आठ वर्षं झाली तरी अक्षर तसंच टपोरं: ‘सफाई कामगार व घरकामाच्या बायकांनी लिफ्ट वापरू नये. ठराव क्र. १७. आज्ञेवरून, सेक्रेटरी.’

शनिवार, ९

आज भिंगरीने उपविधींचं पुस्तक संपवलं. मी स्वतः ते पुरतं कधी वाचलेलं नाही, पण ते कपाटात नीट आहे. मग पहिलाच प्रश्न, “आजोबा, मी ठराव सतरा घेतलाय. ज्या सभेत तो झाला तिचं इतिवृत्त दाखवा ना.”

इतके ठराव आहेत. रंगाचा आहे, पाण्याच्या पंपाचा आहे, गच्चीवर वाळवण घालण्याचा आहे. हिला नेमका सतराच दिसला!

मी म्हटलं, “तुझ्याच पुस्तकात लिहिलंय, इतिवृत्त पाहायचा हक्क सभासदाला, तोही लेखी अर्ज केल्यावर सात दिवसांत. तू सभासद आहेस का?” पुस्तक काखेत मारून निघून गेली. नियम वाचायला शिकवता ना? घ्या मग.

रविवार, १०

सकाळी चहाच्या कपाखाली अर्ज! बायकोच्या अक्षरात. ‘मी या सोसायटीची सभासद असून मला ठराव क्र. १७ चे इतिवृत्त पाहायचे आहे.’ खाली सही, तारीख, सगळं जागच्या जागी.

मी म्हटलं, “हा काय पोरखेळ आहे?”

“अहो, घर माझ्या नावावर आहे. माझ्या वडिलांनी घेऊन दिलंय. विसरलात?”

विसरलो नव्हतो. पण चाळीस वर्षांच्या संसारात हे कधी मध्ये आलं नव्हतं! भिंगरी पाव खाता खाता म्हणाली, “म्हणजे सभासद आजी आहे. मग तुम्ही सेक्रेटरी कसे आजोबा? पान बारावर लिहिलंय, पदाधिकारी सभासदच असला पाहिजे.”

अकरा वर्षांत कुणी पान बारा उघडलं नाही. सगळ्यांचं सुरळीत चाललं होतं. मी अर्जावर आवक क्रमांक टाकला, पोच दिली, आणि सांगितलं, सात दिवस म्हणजे सात दिवस. बायकोने पोचपावती डब्यांच्या फडताळात नीट ठेवली. तोंडाला तोंड न देता ठेवली, याचाच मला जास्त राग आला.

मंगळवार, १२

शाळेत जाऊन आलो. म्हटलं, मुळावरच घाव घालू. नागरिकशास्त्राच्या बाई म्हणजे पंचविशीतली पोर, खांद्याला झोळी, खडूने बरबटलेली बोटं. मी अर्धा तास खडसावलं. मुलांना घराघरांत हेरगिरी करायला लावता, मोठ्यांना उलट प्रश्न विचारायला शिकवता, हा विषय सक्तीचा करणाऱ्यांचं डोकं ठिकाणावर आहे का, सगळं बोललो. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

शेवटी म्हणाली, “आजोबा, हे लेखी देता का? तोंडी तक्रार हवेत जाते. लेखी दिलीत तर मला उत्तर द्यावंच लागेल.”

दिलं लिहून. दीड पान. तिने शिक्का मारला, क्रमांक टाकला, प्रत माझ्या हातात दिली. माझ्या ऑफिसात बत्तीस वर्षांत इतक्या चटकन पोच कुणी दिली नव्हती, मीसुद्धा. मग वाचून म्हणते, “किती मुद्देसूद लिहिलंय! नाव झाकून वर्गात नमुना म्हणून दाखवू?”

हो म्हणून आलो.

गुरुवार, १४

वही काढून बसलो. हे फक्त इथे लिहितो.

ठराव सतराची सभा झालेली नाही. तशा बऱ्याच सभा झालेल्या नाहीत. लोकांना वेळ कुठे असतो? दोनदा सभा बोलावली, चारच टाळकी आली, तीही बिस्किटं संपल्यावर उठून गेली. मग मी शिरस्ता पाडला. चहा झाला की घरीच इतिवृत्त लिहायचं, ‘सर्वानुमते मंजूर’ असं शेवटी टाकायचं, आणि वही दारोदार सह्यांना पाठवायची. लोक उंबऱ्यात उभ्या उभ्या सही करतात. कुणी वाचतही नाही. यात मी कुणाचं काय खाल्लं? सोसायटी चालवली की नाही?

लिफ्टचं तर दंतवैद्यांनीच सुचवलं होतं. लिफ्टमध्ये बादलीचं पाणी सांडतं म्हणाले. बरोबर वाटलं, लिहून टाकलं.

मनात आलं, सभेची एक नोटीस आता लिहून मागची तारीख घालावी. कागदही काढला. पण आठ वर्षांपूर्वी मी काळी शाई वापरत होतो आणि आता घरात निळीच आहे. केवळ म्हणून राहिलं. बायको दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. म्हणाली, “काळं पेन हवंय का? आणून देऊ?” मी कागद फाडून टाकला.

रविवार, १७

सात दिवस भरले. जेवणाच्या टेबलावर वही ठेवली. भिंगरीने वाचली, तिच्या आजीने वाचली. एकोणीस सह्या. भिंगरी म्हणाली, “आजोबा, हजेरी कुठाय? चर्चा? सूचक कोण, अनुमोदक कोण? एवढे एकोणीस लोक आपल्या खोलीत मावले कसे?”

मी म्हटलं, “मोठ्यांशी बोलायची ही पद्धत नाही.”

तेवढ्यात मावशी दाराबाहेरचा जिना पुसत होत्या. बायकोने त्यांना आत हाक मारली. हे ठरवूनच केलं, मला शंका नाही. म्हणाली, “मावशी, सह्यांना वही कोण फिरवायचं?”

“मीच की. अजून कोण?”

“ही लिफ्टवाली सुद्धा?”

“हो ना. सकाळी लिफ्टनं वर गेले वही घेऊन. एकेक मजला सही घेत घेत चालत खाली आले. तिसऱ्या मजल्यावरचं एक दार उघडलं नव्हतं, म्हणून परत वर जायला लिफ्टपाशी आले, तर तोवर वॉचमननं पाटी ठोकली होती. मला म्हणाला, आजपासून नाही. मग उरलेल्या सह्या जिन्यानं घेतल्या.”

मी म्हटलं, “पण त्यात काय लिहिलंय हे तुम्हाला...”

“वाचता येतं साहेब मला. चौथ्या मजल्यावर टेकून वाचलं होतं सगळं.”

आठ वर्षं या बाईने मला हे सांगितलं नाही! माझं पित्तच खवळलं. “मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“विचारलं कुणी?” असं म्हणून त्या फडकं पिळायला बाहेर गेल्या.

आता यात माझा काय दोष? तोंड होतं, बोलायचं होतं. दुपारी जेवण गेलं नाही. ऊन फार आहे हल्ली.

बुधवार, २०

बायको आणि इतर चार सभासदांनी सही करून सभेची मागणी दिलीय. सभासदांच्या पाचव्या भागाने मागितली की सेक्रेटरीला सभा घ्यावीच लागते म्हणे. विषय: ‘ठराव १७ अस्तित्वात आहे काय?’

मी हसलो. म्हटलं, नोटिशीला चौदा दिवस लागतात, म्हणजे सभा पुढच्या महिन्यात. नियम म्हणजे नियम. भिंगरी रडवेली झाली. “आजोबा, एक तारखेला मावशींचं काम जातंय. मग सभा घेऊन काय उपयोग?” मला वाटलं गुणांसाठी रडतेय. गुणांचा ग सुद्धा काढला नाही तिने.

पाच मिनिटांनी पुस्तक नाचवत परत. “तातडीच्या सभेला पाच दिवस! रंगाच्या वेळी तुम्हीच दिली होतीत नोटीस, तुमच्याच फायलीत आहे!”

माझीच फाईल माझ्यावर उलटली. सभा शनिवारी, तीस तारखेला.

नोटीस फिरवायला मावशींना दिली, तर हात मागे घेतला. “हे माझं काम नाही साहेब. तेव्हाही नव्हतं.” सरळ नाही म्हणाल्या, मला! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. नोटीस मी फिरवली. लिफ्टने.

सोमवार, २५

या घरात मला कुणी विचारत नाही, टोमणे तेवढे मारतात. जेवताना गुडघ्याचा विषय निघाला. मी म्हटलं, “सहा मजले म्हणजे काय डोंगर आहे? उगाच बाऊ करता.” बायको म्हणाली, “अहो, मग चढून दाखवा ना. बादलीसकट.”

आज दुपारी सगळे बाहेर असताना चढलो. कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझं म्हणणं सिद्ध करायला. बादली अर्धीच भरली, कारण मला पुसायचं नव्हतं. तळमजला ते दुसरा एकदम झकास. तिसऱ्यावर बादलीचा हात बदलला. चौथ्यावर जरा टेकलो, ते केवळ चपलेचा अंगठा सैल झाला होता म्हणून. टेकलो ती जागा ओल्या गोलाच्या शेजारचीच होती. तिथून खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं, हे मला माहीत नव्हतं.

वेळ मोजायला घड्याळ लावलं होतं. ते पाहायचं राहून गेलं. उतरताना लिफ्टने आलो. पाटी वाचायची नव्हती, पण ती बरोबर डोळ्यांसमोर येते, मीच तशी लावून घेतली होती.

भिंगरीला विचारलं, मलम कुठे ठेवतात. तिने काही न विचारता आणून दिलं.

बुधवार, २७

प्रात्यक्षिकाच्या अहवालात शेवटचा रकाना आहे, ‘पदाधिकाऱ्याची बाजू’. भिंगरी वही घेऊन समोर बसली. “आजोबा, बाईंनी सांगितलंय, ज्याच्यावर आक्षेप आहे त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत घ्यायचं. नाहीतर गुण कापणार.”

बाईंना निदान एवढी अक्कल आहे! म्हटलं, लिहून घे. अर्धा तास बोललो. अकरा वर्षं एक पैसा न घेता राबलो, टाकी धुवायला उभा राहिलो, पंप जळला तेव्हा पहाटे धावलो, कुणी धन्यवाद दिले नाहीत, लोक येत नाहीत, सही मागितली तर उपकार करतात. सगळं खरं आहे.

“हे सगळं लिहिलं,” ती म्हणाली. “आणि लिफ्टचं? मावशींना तुम्ही लिफ्ट बंद का केली?”

“दंतवैद्य म्हणाले म्हणून.”

“आणि?”

आणि काय? मी आठवून पाहिलं. आणखी काही नव्हतं. तिने तेवढंच लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, ‘दंतवैद्य म्हणाले म्हणून.’ माझ्याच शब्दांत. मी म्हटलं, खोड ते. ती म्हणाली, “खोडू? दुसरं काय लिहू ते सांगा.”

तसंच ठेव म्हटलं.

शनिवार, ३०

सभा झाली. खरोखरची. सोळा सभासद आमच्या घरी आले, बाहेरून खुर्च्या मागवाव्या लागल्या. भिंगरी कोपऱ्यात, निरीक्षक म्हणून, तोंड उघडायला परवानगी नाही. मावशींना सभेत बसायचा हक्क नाही, म्हणून त्या दाराबाहेर जिन्यावर बसल्या होत्या.

दंतवैद्य म्हणाले, ठराव वहीत आहे, सह्या आहेत, विषय संपला. तेव्हा बायको उठली. चाळीस वर्षांत ही बाई चारचौघांत एक वाक्य बोललेली मी पाहिली नाही. पदर सावरला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “सेक्रेटरी, एकच विचारते. ती सभा झाली होती का? हो किंवा नाही.”

‘अहो’ नाही, ‘सेक्रेटरी’.

हो म्हटलं असतं तर कोण माझं काय वाकडं करणार होतं? वही माझी, अक्षर माझं. दारातून बादलीची कडी दिसत होती. मी म्हटलं, “नाही.”

एकच गलका. दंतवैद्य लालबुंद. “मग अकरा वर्षं काय चेष्टा केलीत आमची?” एकोणिसातली एक सही त्यांची होती, हे सांगायला तोंड उघडलं, पण कुणी ऐकेना. पाटी रद्द ठरली. मग दंतवैद्यांनी तिथल्या तिथे नवा ठराव मांडला, लिफ्टबंदी आता रीतसर करा. मी म्हटलं, “डॉक्टर, तुमच्या आई साडेआठला भुकेल्या बसतात म्हणून तुम्ही मावशींना काढताय. आणि त्यांना उशीर कशाने होतो? या पाटीने! थोडी तरी लाज बाळगा!” इतका ओरडलो की तळमजल्यावर घरीच बसलेल्या सोसायटीच्या अध्यक्षांनासुद्धा ऐकू गेलं, आणि त्यांना एरवी काही ऐकू येत नाही.

मतदान. बाजूने आठ हात. विरोधात आठ, आणि नववा माझा, सगळ्यांत उंच.

दंतवैद्य म्हणाले, “तुमचा हात खाली घ्या. तुम्ही सभासद नाही. पान बारा. तुमच्या नातीनेच घरोघर वाचून दाखवलंय.” मी भिंगरीकडे पाहिलं. म्हटलं, पोर काहीतरी करेल. तिने मान डोलावली. “बरोबर आहे त्यांचं, आजोबा.”

अकरा वर्षांत एकदा, फक्त एकदा मी मनापासून हात वर केला, आणि तो मोजला नाही! आठास आठ. समान मतं पडली की ठराव पडतो, हेही त्या पुस्तकात आहे. लिफ्ट खुली. माझं पद गेलं. शेवटचं इतिवृत्त मात्र तुम्हीच लिहा, अक्षर चांगलं आहे, असं सगळे म्हणाले. एवढ्यावर मात्र सर्वांचं एकमत झालं.

रविवार, ३१

सकाळी इतिवृत्त लिहून काढलं. पाच पानं, काय सांगू! कोण काय म्हणालं, कुणी हात वर केला, कुणाचा मोजला नाही. ‘सर्वानुमते’ हा शब्द लेखणीतून आपोआप उतरायला लागला होता, तो थांबवला. दोन ठिकाणी खाडाखोड झाली.

वही घेऊन सह्यांना निघालो. लिफ्टपाशी मावशी, हातात बादली. पाटी काढलेल्या जागी चार भोकं दिसत होती. मी दार धरून उभा राहिलो. त्या आत आल्या. सहाचं बटण दाबणार, तेवढ्यात माझ्या हातातली वही दिसली.

“कालचं लिहिलं यात?”

“हो.”

“द्या बघू.”

मी म्हटलं, “मावशी, तुमची सही लागत नाही यात.”

“सही नाही करत. वाचते.”

बादली खाली ठेवली, भिंतीला टेकल्या, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून सुरुवात केली. एकेक शब्द. दार धरून माझा हात भरून आला. वरून दंतवैद्यांचा आवाज, “अरे लिफ्ट कुणी अडवलीय? मावशी आल्या का? आई वाट बघतेय!”

मावशींनी मान वर केली नाही. मला म्हणाल्या, “साहेब, सांगा त्यांना, येते म्हणावं. दुसऱ्या पानावर आहे.”

मी सांगितलं. ओरडून, सहा मजले ऐकू जाईल असं.